कॉटपासून खुर्चीपर्यंत

तात्यांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वजन किती हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नव्हता. लासुर्ण्यात तशी सगळ्याचीच वजनं होतात. उसाच्या ट्रॉलीचं होतं, दुधाचं होतं, बोकडाचं तर कापायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा होतं. पण सासऱ्याचं वजन सुनेनं कशाला विचारावं? तात्या उंच, आडव्या हाडाचे, खाल्लेलं अंगी लागणारे. ट्रॅक्टरवर बसले की ट्रॅक्टर जरा लहान दिसायचा. एवढी माहिती मला पुरत होती.

मग एका सकाळी गोठ्याकडं निघालेले तात्या दारातच खाली बसले. पडले असं म्हणता येणार नाही. भिंतीला धरून हळूहळू घसरत बसले आणि तिथनंच मला म्हणाले, "सूनबाय, माझा हात कुठं गेला बघ जरा." हात जागेवरच होता. डावा हात, डावा पाय, दोन्ही जागच्या जागी होते, फक्त तात्यांचं ऐकत नव्हते.

आमचे हे त्यांना गाडीत घालून बारामतीला घेऊन गेले, मी मागच्या सीटवर तात्यांच्या डोक्याखालची उशी सावरून बसले. डॉक्टर म्हणाले, झटका आहे, वेळेत आणलंत म्हणून वाचा शाबूत राहिली. वाचा शाबूत आहे हे आम्हाला गाडीतच कळलं होतं. सबंध रस्ता तात्या आडवे पडून ह्यांना खड्डे सांगत होते. अर्थात ह्यांना नाही, मला. "त्याला म्हणावं, पुढं रस्त्याखालची म्होरी खचलीया, डावीकडनं घे."

हे इथंच सांगून टाकते. आमच्या घरात बाप-लेक एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण नाही, वाटणीचा वाद नाही, काही नाही. नुसतं बोलत नाहीत. हे मला म्हणणार, "तात्यांना विचार, कालव्याला पाणी कधी सुटतंय." तात्या तिथंच, हाताच्या अंतरावर. मग तात्या माझ्याकडं बघून सांगणार, "त्याला म्हणावं, बेस्तरवारी." पोस्टमन निदान पत्र टाकून पुढं तरी जातो, मला तेवढीही सुटका नव्हती. आजूबाजूला विचारलं तर घरोघरी हेच. ल्योक मिसरूड फुटलं की बापाशी बोलायचा थांबतो आणि बाप तसाच म्हातारा होतो.

आणि दुसरी रीत माझी. सासऱ्यासमोर मी खुर्चीवर बसत नाही. नवी होते तेव्हा बसत नव्हते, आणि आता माझीच पोरं शिकायला बाहेर गेली तरी बसत नाही. डोक्यावर पदर. चहाचा कप हातात द्यायचा नाही, समोरच्या स्टुलावर ठेवायचा. हे कुणी मला शिकवलं नाही, आमच्याकडं अशा गोष्टी पाण्याबरोबर पोटात जातात. मला याचा राग यायचा का? यायचा. पण तात्या माणूस म्हणून सोन्यासारखे. मला मुलगी झाली तेव्हा घरातले सगळे तोंड पाडून बसले होते, आणि तात्या पिशवी घेऊन पेढे आणायला गेले होते. त्यामुळं रीतीचा राग आणि माणसाची माया, दोन्ही मी एकाच पदराखाली सांभाळत आले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बाई म्हणून मी एकटीच.

बारामतीच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा माणसाला या पलंगावरून त्या पलंगावर न्यायची विद्या पाहिली. तपासणीला न्यायचं असलं की स्ट्रेचर पलंगाला भिडवायचे, दोन्हींच्या मधे एक गुळगुळीत प्लॅस्टिकची फळी सरकवायचे, आणि चादर ओढली की एवढे मोठे तात्या सर्रकन इकडून तिकडं. मी तर बघतच राहिले. ओढणारी माणसं त्या वेळी आपसात सुट्टीच्या दिवसाबद्दल बोलत होती. तात्यांचे डोळे गच्च मिटलेले. मला वाटलं, झोप लागली असेल.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पडून राहू द्यायचं नाही. कूस बदलत राहा, दिवसातनं खुर्चीत बसवा. नाहीतर पाठीला जखमा होतील, आणि त्या फार वाईट. झटक्यातनं वाचलेला माणूस जखमेनं जातो." मी मान डोलावली. तेव्हा वाटलं, त्यात काय एवढं.

सुरुवातीला माणसांना तोटा नव्हता. तात्यांना बघायला येणारा प्रत्येक गडी बाह्या वर करायचा. एक म्हणणार काखेत धरा, दुसरा म्हणणार चादर धरा, तिसरा म्हणणार मी आमच्या आत्याला असंच उचलायचो. मग सगळे मिळून "एक, दोन, तीन" म्हणायचे. कुणी दोनला उचलायचं, कुणी तीनला. तात्या मधल्या मधे वाकडे व्हायचे, कुणाची तरी अंगठी त्यांच्या पाठीला खरचटायची, आणि खुर्चीत बसवून झालं की उचलणारेच घाम पुसत चहा मागायचे.

पण कारखाना सुरू झाला तसा सगळ्यांचा ऊस तोडीला आला आणि दिवसा गावात गडीमाणूस औषधाला मिळेना. एक दिवस ह्यांनी एकट्यानंच तात्यांना उचलायचा प्रयत्न केला. तात्या जागचे हलले नाहीत, ह्यांच्या कमरेत मात्र उसण भरली. त्यानंतर हे सकाळी आणि संध्याकाळी तात्यांचं अंग पुसायचे, कसंबसं कुशीवर करायचे, आणि मधला सगळा दिवस तात्या छताकडं बघत पडून.

मी होते की घरात! धडधाकट होते, शेणाच्या पाट्या उचलत होते, धारा काढत होते. म्हणायचे, "तात्या, मी वळवते जरा." ते म्हणायचे, "नगं. त्यो आल्यावर बघू." आवाज मऊ, पण त्यावर बोलायची सोय नाही. सुनेनं सासऱ्याच्या कमरेला हात घालायचा म्हणजे काय, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जोरात आपटायचे. त्यानं भांड्यांना पोचे आले, तात्यांना काही फरक पडला नाही.

एका सकाळी हे आतल्या खोलीतनं मोबाईल घेऊन बाहेर आले. चेहरा उतरलेला. मला फोटो दाखवला. तात्यांच्या माकडहाडाशी कातडी गेली होती, लिंबाच्या फोडीएवढं लाल मांस. मला बघता येणार नाही म्हणून ह्यांनी बापाच्या जखमेचा फोटो काढला होता. ज्या घरात मी रोज त्यांचं जेवण वाढते, त्या घरात मला त्यांची जखम मोबाईलवर बघायला लागली. मला इतकी लाज वाटली, आणि त्या लाजेचाच राग आला.

ड्रेसिंगला गावातल्याच एक सिस्टर यायला लागल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "वजन हटलं पाहिजे हितलं. मलम कितीबी लावा, माणूस त्याच जखमेवर झोपून असंल तर ती हाडापर्यंत जाती." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तात्या उठले पाहिजेत. कसेही करून उठले पाहिजेत, नाहीतर ते आमच्या डोळ्यांदेखत, पोटभर जेवत असताना, गप्पा मारत असताना जाणार.

ह्यांच्याही डोक्यात तेच असावं, कारण दोन दिवसांनी ते गोठ्यातनं पट्टा घेऊन आले.

ज्यांच्याकडं मोठ्या दुधाळ गाई आहेत त्यांना हा पट्टा सांगायला नको. व्यायल्यावर एखादी गाय बसते. बसते म्हणजे पुन्हा उठतच नाही, पायातलं बळच जातं. मग तिच्या पोटाखालनं रुंद पट्टा घालायचा, वर गोठ्याच्या लोखंडी अँगलला चेन कप्पी अडकवायची आणि साखळी ओढत ओढत तिला पायांवर उभी करायची. काही गाई उठतात. पण ज्या गाईला पट्टा लागला, तिच्याबद्दल आमच्याकडं कुणी फार आशेनं बोलत नाही.

ह्यांनी तो पट्टा साबणाच्या पाण्यात भिजवला, घासला, उन्हात वाळवला, त्याला जुनी मऊ गोधडी गुंडाळली. ओसरीच्या पत्र्याखालच्या अँगलला कप्पी टांगली. शेजारच्या पोरांना हाताशी घेऊन तात्यांचा दिवाण बाहेर ओसरीवर आणला. तात्या सगळं गुमान बघत होते. साखळी खळखळली तशी त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"त्याला म्हणावं, डाक्टर कुठला बोलीवलाय? माणसाचा का जनावराचा?"

 मग तात्याच म्हणाले, "बसलेली गाय किती दिस ठिवत्यात, मला ठावं हाय." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. नुसतं तोंडच. बाकीचं अंग वळवायचं त्यांच्या हातात नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांनी दुधाचा कपसुद्धा परत पाठवला.

मी ह्यांच्यावर अशी भडकले की बोलायची सोय नाही. "अहो, बापाला गाईचा पट्टा? काही डोकं?" हे गोठ्याच्या कडेला बसले होते. म्हणाले, "गाय बसली की मी तिच्यापाशी झोपतो. तुला ठावं हाय. माझ्याजवळ जे होतं ते मी आणलं." माझा राग तिथंच ओसरला. पट्टा त्यांनी घासला होता, गोधडी गुंडाळली होती, ते तात्यांना दिसलं नाही, आणि तोंडानं सांगायची तर सवयच नाही. माया दोन्हीकडं गच्च भरलेली, फक्त तोटी गंजलेली.

सिस्टर म्हणाल्या, "अहो, माणसांसाठी मशीन मिळतं. बारामतीत चौकशी करा." मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं बारामतीला गेले. तिथं रुग्णांचं साहित्य वापरायला देतात अशी एक जागा आहे. एखाद्याचा पेशंट बरा झाला किंवा गेला की लोक कॉट, वॉकर, चाकाची खुर्ची तिथं परत आणून ठेवतात आणि ती वस्तू पुढच्याच्या घरी जाते. तिथल्या माणसानं मला ते मशीन दाखवलं. खाली चाकं लावलेले दोन लांब पाय, त्यावर खांब, खांबाला पुढं आलेला हात, हाताच्या टोकाला आडवी दांडी, आणि दांडीला अडकवायची कापडी झोळी. मागं एक दांडा. तो वर-खाली केला की हात वर जातो, आणि एक चावी सैल केली की हळूहळू खाली येतो. म्हणजे ट्रॅक्टरचं चाक बदलायला जॅक असतो, तोच प्रकार.

"कॉटखाली जागा आहे ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आहे की. कॉटखाली जागा असायचीच, त्यात काय विचारायचं.

मशीन आमच्या दूधगाडीतनं रिकाम्या कॅनच्या सोबतीनं घरी आलं. ह्यांनी ते ढकलत ओसरीवर आणलं आणि त्याचे पाय दिवाणाला जाऊन ठोकले. दिवाण कसला, ती पेटीच! खाली सगळी लाकडी खोकी, त्यात लग्नातली भांडी, पाहुण्यांच्या गाद्या. मुंगी शिरेल, मशीन कुठनं शिरणार? तात्या उशीवरनं बघत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना मजा येत होती.

"आडलं का?" ते म्हणाले.

मग शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतली लोखंडी कॉट आणली, धुतली, पायांखाली विटा दिल्या, त्यावर हवेची गादी टाकली. शेजारची दोन पोरं बोलावून तात्यांना शेवटचं चादरीनं उचललं आणि कॉटवर घेतलं. मशीनचे पाय आता कॉटखाली गेले. मी झोळी उलगडली.

"कापडाची केली म्हणून काय झालं," तात्या म्हणाले. "पट्टा त्यो पट्टाच. मी न्हाय बसायचा."

"तात्या, ही माणसांची हाय."

"मी न्हाय बसायचा."

तिथं माझा तोल गेला. महिनाभर भांडी आपटून साचलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "नका बसू! पाठ हाडापर्यंत कुजू द्या! मग आमी काय करायचं? फोटो काढत बसायचं?" ह्यांनी दाराआडनं मला खूण केली, पण मी कसली थांबते. "जनावराची वाटती न्हवं तुमाला? मी बसून दाखवते हितं, तुमच्यासमोर. मग तर झालं?"

तात्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "बस की मग."

बोलून बसले खरी, आता माघार कशी घेणार? प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसले. तात्यांच्या समोर. झोळी पाठीमागनं घेतली, मांड्यांखालनं पट्टे ओढले, साडी गच्च खोचली, आणि चारही कड्या दांडीला अडकवल्या. ह्यांना म्हटलं, मारा दांडा. तात्या म्हणाले, "त्याला म्हणावं, मशीन हिकडं फिरव. मी मारतो."

ह्यांनी मशीन माझ्या खुर्चीसकट तात्यांच्या उजव्या हाताशी आणलं, पाठीला उशा लावल्या. आणि तात्यांनी दांडा मारायला सुरुवात केली. त्या हातानं त्यांनी आयुष्यभर नांगर धरला, उसाला पाण्याची बारी दिली, आणि आता तो मला उचलत होता. झोळी ताणली, मी खुर्चीवरनं सुटले, पाय तरंगायला लागले. एक चप्पल खाली पडली. पदर कधीच खांद्यावर आला होता. मी दोन्ही हातांनी पट्टे धरून अधांतरी लटकत होते, आणि सासरे मला वर वर नेत होते. ह्यांनी तोंडावर टॉवेल धरला होता.

"बास, तात्या, बास!"

दांडा थांबला. मी तशीच लोंबकळत हळूहळू फिरायला लागले. आणि तेवढ्यात तात्यांनी काही न बोलता चावी फिरवली. एकदम. मी किंचाळले, आणि धप्पकन खुर्चीत येऊन आदळले.

"तात्या! सांगायचं तरी खाली सोडताना!"

"मला कोण सांगतं?" तात्या म्हणाले.

हसत नव्हते. "दवाखान्यात फळी घातली, वढला. हितं चादर धरली, उचलला, टाकला. कुणी म्हणालं का, तात्या, आता उचलतो? आता डावीकडं घेतो? अंगातलं बळ गेलंय, कान हायत की माझं. गाईला सांगत न्हायत, तिला कळत न्हाय म्हणून. मला कळतंय."

मला दवाखान्यातले त्यांचे गच्च मिटलेले डोळे आठवले. मी खुर्चीतच बसून राहिले. उठायचं भान राहिलं नाही, आणि पदराचंही. इतके दिवस आम्ही सगळे त्यांना उचलायचं कसं याचाच घोर लावून बसलो होतो, आणि हा माणूस प्रत्येक वेळी आता काय होणार या धसक्यानं जीव मुठीत धरून पडत होता. 

"चुकलं, तात्या," मी म्हणाले.

"लाव आता मला," ते म्हणाले. "तूच लाव. पर सांगून."

तिथनं आमचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. झोळी अंगाखाली जायची तर माणसाला आधी एका कुशीवर करायला लागतं, झोळीची अर्धी घडी पाठीशी सारायची, मग दुसऱ्या कुशीवर, आणि मग पलीकडनं ओढून घ्यायची. म्हणजे हात लावायलाच लागतो, खांद्याला, कमरेला, गुडघ्याला. पहिल्या दिवशी माझे हात मागं मागं येत होते. पण मी बोलत राहिले. "तात्या, आता उजव्या कुशीवर घेते. तात्या, पायाखालनं पट्टा ओढते, गार लागंल. आता वर घेते. आता नुसतं फिरवते, वर-खाली न्हाय." बोलत राहिलं की हाताला लाज वाटायला वेळच मिळत नाही, हे मला तेव्हा कळलं. तात्या "व्हय", "घे", "थांब" म्हणायचे. त्यांनी "थांब" म्हटलं की थांबायचं, हा आमचा करार. कधी कधी ते उगीचच थांबवायचे, नुसतं मी थांबते का बघायला.

सकाळी ऊन ओसरीवर आलं की तात्या खुर्चीत. रस्त्यानं दोन दोन ट्रॉल्या लावून उसाचे ट्रॅक्टर जायचे, त्यांची गाणी, त्यांचे हॉर्न, आणि मोळी नीट बांधली नाही म्हणून तात्यांच्या शिव्या. हळूहळू जखमेच्या कडा जवळ यायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, खाली नवी कातडी धरतीय. आता मला फोटोची गरज नव्हती, मी स्वतःच बघत होते.

बघायला येणाऱ्यांच्या मात्र मी डोळ्यावर यायचे. एका पाहुणीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, सासऱ्याला तू हात लावती?" मी म्हटलं, "लावते. मशीनबी चालवती. तुमाला बसायचं का?" ती चहा न घेताच गेली.

मग माझ्या भाचीचा साखरपुडा आला, काटेवाडीला, माझ्या माहेरी. लासुर्ण्याहून काटेवाडी काही लांब नाही, पण तात्या पडल्यापासून मी माहेरचं तोंड बघितलं नव्हतं. ह्यांना सगळं समजावलं. त्यांनी मला करताना रोजच बघितलं होतं, मशीन त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. "जा तू," म्हणाले. "उचलायचंच हाय न्हवं? उचलतो."

जेवणाच्या पंगती बसायच्या आधी ह्यांचा फोन आला. "तात्या आंग आखडून धरत्यात. झोळी घालू देईनात. सकाळपास्नं पाठीवरच हायत."

"द्या त्यांना."

तात्यांचा आवाज आला. "सूनबाय, तू कवा येती?"

"संध्याकाळ होईल, तात्या. ह्यांना बसवू द्या की."

"त्यो काय बोलत न्हाय," तात्या म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस पडत नाही म्हणतात, तसं म्हणाले. "गपकन हात घालतो. मला पोटात गोळा येतो. तू आल्यावर बसीन."

संध्याकाळपर्यंत त्याच जखमेवर. धरलेली कातडी पुन्हा जाणार. मला राग आला, खरं सांगते, दोघांचाही. एका दिवसासाठी माहेरी आले तर तिथंही मी मधे पाहिजेच! मी म्हटलं, "फोन स्पीकरवर ठेवा आणि उशीपाशी ठेवा. तात्या, मी हितनं सांगते, तसं हे करतील. चालंल?"

"चालंल," तात्या म्हणाले.

मांडवाच्या कडेला उभी राहून, एका कानात बोट घालून मी सांगायला लागले. "तात्या, आता उजव्या कुशीवर घेत्यात. घ्या हो. झालं? आता झोळी पाठीशी. आता डाव्या कुशीवर." कॉटचा आवाज येत होता, कड्या अडकल्याचा आवाज आला. "आता वर घेत्यात, तात्या. सावकाश." दांडा खटक खटक वाजायला लागला. आणि नेमकं तेवढ्यात नवऱ्यामुलाकडचे आले आणि मांडवात बँजो सुरू झाला.

काही ऐकू येईना. मी ओरडत होते, "तात्या, ऐकू येतंय का? तात्या!" तिकडनं नुसतं "हॅलो, हॅलो" आलं आणि मग तेही बुडालं. मला माहीत होतं, या क्षणाला तात्या कॉटवरही नाहीत आणि खुर्चीतही नाहीत. अधांतरी आहेत, आणि सांगणारं कुणी नाही. मी साडी सावरत मांडवामागं पळाले, भावाच्या गोठ्यात शिरले, दार लोटून घेतलं आणि फोन कानाला लावला.

"तात्या..." ह्यांचा आवाज होता. घोगरा, जड, जसा काही पहिल्यांदाच वापरायला काढलाय. "तात्या, आता... जरा फिरवतो."

 मग तात्या म्हणाले, "फिरीव."

"भ्याऊ नगा. मी धरलंय."

"दिसतंय मला." आणि लगेच, "पाय आपटंल बघ खुर्चीला."

"न्हाय आपटत. हात ठिवलाय मधी."

"कंबर कशी हाय तुझी?"

"बरी हाय आता." चाकं खडखडली. "तात्या, खाली घेतो. हळूहळू घेतो."

"घे, बाळा."

मी हॅलोसुद्धा म्हणाले नाही. लग्न होऊन आल्यापासून मी या दोघांच्या मधे उभी होते, आणि आज पहिल्यांदा त्यांना माझी गरज लागली नाही. ते बोलत राहिले. पाण्याचं, तोडीचं, व्यायला झालेल्या कालवडीचं. फोन चालू आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी तिथं वैरणीच्या ढिगाला टेकून पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि पंगतीला जाऊन बसले.